अठ्ठ्याण्णव

पडद्याच्या कोपऱ्यात, घड्याळाच्या शेजारी,
आता एक आकडा राहतो.
हिंगणघाटच्या दिवाकर नेवारेनं फोनवर सांगून सांगून
माझ्याच हातून टाकून घेतलं ते सॉफ्टवेअर:
"ताई, नेक्स्ट दाबा. पुन्हा नेक्स्ट. आता काही दाबू नका."
तेव्हापासून मला लॅपटॉपच्या पोटातलं कळतं.

सकाळी नऊला एकसष्ट.
पहिला सातबारा निघेपर्यंत बहात्तर.
सर्व्हर गोल गोल फिरत राहिला की
माणसं गप्प बसतात आणि आकडा चढतो.
कोर शून्य, कोर एक, कोर दोन, कोर तीन,
एका खोलीत निजलेली चार भावंडं,
पण ताप सगळ्यांना सारखा नाही.
थोरला नेहमी दोन अंश पुढे.

नवतपा लागलाय.
टिनाखालच्या सेवा केंद्रात कूलर
ओलं वारं फेकतो, तेही कोमट.
रांगेला आता आकडा वाचता येतो.
हिरवा असला की माणसं पुढे सरकतात,
पिवळा झाला की कोणीतरी म्हणतं,
"थांबा जी, दम घेऊ द्या त्याले."
लाल झाला की शामकुळेंची सून
रहिवासी दाखल्याच्या झेरॉक्सनं वारा घालते,
स्वतःला नाही, त्याला.

परवा दुपारी अठ्ठ्याण्णव झालं.
आतला पंखा दळण संपलेल्या गिरणीसारखा नुसताच ओरडत होता.
पुष्पकला मेंढे, आमच्या आशाताई,
लसीकरणाची यादी घेऊन आल्या होत्या. वाकून पाहिलं त्यांनी:
"अठ्ठ्याण्णव? मंग काहून घाबरून राहिली?
नॉर्मल हाय व लेकरू."
रांग हसली.
मी सांगू लागले, तुमचं थर्मामीटर फॅरनहाइटचं, हे सेल्सिअस,
इथं शंभरावर पाणी उकळतं,
आणि सांगता सांगताच पडदा काळा झाला.

काळ्या पडद्यात कूलर दिसला, रांग दिसली,
घामेजलेलं माझं नाक दिसलं.
कोपऱ्यात आकडा नव्हता.
आता किती आहे, ते कोणालाच ठाऊक नव्हतं.
झिबल आत्राम यांच्या अर्जात
वय तेवढं टाकायचं राहिलं होतं.

नेवारेनं फोनवरच खोलायला लावला.
दहा स्क्रू, बरणीच्या झाकणात मोजून ठेवलेले.
पंख्याच्या मागे, तांब्याच्या जाळीवर,
घोंगडीसारखा थर:
कापूस.
रस्त्यापलीकडच्या जिनिंगचा, दोन हंगामांचा.
आम्ही तो केसांतून झाडतो, वरणातून बोटानं काढतो.
यानं कशानं काढावा?

चिमट्यानं ओढला तर सलग निघाला,
करंगळीएवढा, राखाडी, अजून गरम.
"फेकू नको," कौतिकाबाई म्हणाल्या.
चार महिन्यांपासून त्यांचा अंगठा
मशीन ओळखत नाही. रेषाच उरल्या नाहीत, वेचणीत गेल्या.
त्याच अंगठ्यानं, मांडीवर,
बोलता बोलता त्यांनी वात वळली.
मग उजेडात धरून पाहिली.
"जळणार नाही हे," म्हणाल्या,
आणि तरी पदराच्या गाठीत बांधली.

सुरू केला. काही ऐकू येईना,
मला वाटलं, गेला.
मग कोपऱ्यात उमटलं एकावन्न.
"आता मात्र लय खाली गेलं," आशाताई म्हणाल्या,
"अंगावर काही टाक त्याच्या."

अर्ज तिथंच थांबला होता, अर्धा.
"आत्रामकाका, वय?"
त्यांनी डोळे बारीक करून कोपऱ्याकडे पाहिलं.
"बावन्न."
लॅपटॉपचं सांगत होते
की स्वतःचं, कळलं नाही.
मी आधार कार्ड मागून घेतलं.